फ्लेक्स निबचं पेन नवं असताना या चुका टाळा

फ्लेक्स निबचं, म्हणजे दाबाप्रमाणे रेघ जाड करणाऱ्या लवचीक निबचं, हाती घडवलेलं पेन येतं, शाई भरली जाते आणि पहिल्याच ओळीत निबवर जोर पडतो. व्हिडिओत रेघ कशी फुगत जाते ते पाहिलेलं असतं आणि तेवढंच लक्षात राहिलेलं असतं. मग थोड्याच दिवसांत तक्रार येते की निब बिघडली, शाई उतरत नाही, पैसे वाया गेले. अशी पेनं मी बरीच उघडून पाहिली आहेत. बहुतेकांत बनवणाऱ्याचा काही दोष नसतो.

जाड रेघेची घाई

फ्लेक्स निबवर दाब दिला की फाटेच्या, म्हणजे निबच्या मधोमध असलेल्या चिरेच्या, दोन्ही बाजूंची पाती उघडतात, रेघ जाड होते. दाब काढला की पाती मिटतात. पण धातू एका मर्यादेपर्यंतच परत जागेवर येतो. ती मर्यादा ओलांडताना निब कसलीही सूचना देत नाही. पाती उघडतात आणि तशीच राहतात. ‘सोन्याची आहे, मऊच असणार’ या समजुतीवर विसंबू नका. लवचीकपणा निबची जाडी, तिचा आकार आणि मिश्रधातू यांवर ठरतो. 14 कॅरटची कितीतरी निबं खिळ्यासारखी ताठ असतात.

एका विद्यार्थ्यानं माझ्याकडे आणलेलं पेन अजून डोळ्यांसमोर आहे. काळं एबोनाइट (कडक केलेलं रबर), सुरेख घडवलेलं. त्याला देवनागरीत जाड शिरोरेषा हवी होती, म्हणून तो डावीकडून उजवीकडे जाताना निब दाबत होता. आडव्या रेघेत दाब दोन्ही पात्यांवर सारखा पडत नाही. एक पातं वाकत गेलं, दुसरं मागे राहिलं, आणि शेवटी एकाचं टोक दुसऱ्यावर चढलं. इथवर सुधारता आलं असतं. पण त्यानं निब उलटी करून टेबलाच्या कडेवर दाबली आणि फाटेच्या वरच्या छिद्राजवळ तिला घडी पडली. भिंगाखाली ती स्पष्ट दिसत होती. फाटेत पितळेचा पातळ पत्रा सरकवून, बोटांनी हळूहळू टोकं एका पातळीत आणली. पेन आता लिहितं, पण घडीपाशी धातूची उसळी गेली ती गेलीच.

देवनागरीतला पारंपरिक जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या टोकातून येतो, बोरूतून किंवा कट निबमधून. तिथे दाबाचं काम नसतं. फ्लेक्स निबमध्ये काना जाड होईल, शिरोरेषा बारीकच राहील. जाड शिरोरेषा हवी असेल तर कट निब घ्या. या निबकडून ते काम करून घेऊ नका.

माझी सवय सांगतो. नव्या पेनानं मी आधी कित्येक पानं अजिबात दाब न देता लिहितो. बारीक रेघ एकसारखी आली, की मग फक्त उभे काने: वरून खाली येताना दाब वाढवायचा आणि रेघ संपायच्या आधीच तो काढून घ्यायचा. दाब द्यायला सगळ्यांनाच येतं, वेळेवर काढणं हीच खरी कला आहे. खालून वर जाताना दाब शून्य, नाहीतर टोक कागदात रुततं. मनगट वळवण्याऐवजी कागद फिरवा, म्हणजे खाली येणारी रेघ निबच्या फाटेच्या दिशेतच राहील. आणि बारीक रेघेच्या तिप्पट जाडीपुढे मी जात नाही. निब त्याहून उघडत असली तरी नाही.

‘शाई तुटते’ म्हणून जिभेला ब्लेड

जाड रेघेच्या मध्ये पांढरी पट्टी आणि दोन कडांना दोन बारीक रेघा, याला रेलरोडिंग म्हणतात. पाती उघडली, पण जितकी शाई लागते तितकी पोहोचली नाही. नवशिके लगेच निबखालच्या जिभेची, म्हणजे निबपर्यंत शाई आणणाऱ्या भागाची, खाच खोल करायला बसतात. याचा मला मनापासून राग येतो. हातानं कापलेल्या जिभेची खाच एकदा वाढली की कमी करता येत नाही. मग पेन टपकायला लागतं आणि नवी जीभ बसवावी लागते.

आधी हात हळू करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग पेन कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, कारण नव्या पेनात घडवतानाचं तेल आणि एबोनाइटचा भुसा उरलेला असू शकतो. त्यानंतर जास्त वाहती शाई वापरून पाहा. तरीही रेघ तुटली तर निब उजेडासमोर आडवी धरा. निब आणि जीभ यांच्यामधून उजेड दिसला, तर जीभ नीट टेकलेली नाही. एबोनाइटची जीभ गरम पाण्यात मऊ करून बसवता येते, पण ते काम बनवणाऱ्याचं. घरी करताना निबच वाकते.

बाकीचं थोडक्यात. पेनात ड्रॉइंगची लाखमिश्रित शाई कधीही नको, आत वाळली की निघत नाही. एबोनाइट गरम पाण्यात आणि उन्हात रंग सोडतं. ड्रॉपरनं भरायच्या पेनात शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि पेन शाई ओकतं, म्हणून वेळेवर भरा. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. खरबरीत कागदाचे तंतू फाटेत अडकतात, गुळगुळीत कागद घ्या. दौतीत बुडवून लिहायची ‘जी’ (G) निब पेनात बसवलेली असेल तर ती गंजणारच, रोज पुसा आणि बदलायची तयारी ठेवा.

निब वाकलीच, तर तिथेच थांबा. शाई काढा, पेन धुवा, वाळवा आणि बनवणाऱ्याकडे पाठवा. सोबत बिघडण्याआधीचं तुमच्या हातचं एक लिहिलेलं पान द्या आणि शाई कोणती होती तेही लिहा. तुम्ही दाब कुठे देता आणि पेन कोणत्या कोनात धरता, याचा अंदाज त्याला त्या पानावरून येतो आणि निब त्या हाताला जुळवून देता येते.