शिसवीचा भुसा, इपॉक्सी आणि अंगावरची खाज
गिटारचा फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटं दाबायची पट्टी) शिसवी किंवा कोकोबोलो या तिच्याच कुळातल्या परदेशी लाकडाचा असेल, तर तो घासताना उडणाऱ्या भुशातली डालबर्जिओन नावाची रसायनं काहींच्या त्वचेला बाधतात. पुरळ बहुधा 24 ते 72 तासांनी उठतं, म्हणून दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घामावर भुसा चिकटतो. मनगट, मान, कोपराची घडी आधी लाल होते. घासताना पंखा बंद, एन-95 मास्क, पूर्ण बाह्या. झाडूऐवजी ओलं फडकं.

इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) हाताळताना नायट्रिलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे हातमोजे, माखले की लगेच बदला. हाताला लागलं तर थिनर नको, त्याने ते कातडीत मुरतं, साबण-पाणीच वापरा. अर्धवट सुकलेला जोड घासू नका. ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही. मग लाकूड बदला, इपॉक्सीऐवजी सरस वापरा. धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.