निफाडच्या थंडीत पिकांना साथ कशी द्यावी

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरातील किमान तापमान 5 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटू लागतात. त्यांचा उपयोग आहेच. पण थंडीशी खरा सामना वनस्पतीच्या पेशींमध्ये कित्येक दिवस आधी सुरू झालेला असतो आणि आपली कामे त्या तयारीला धरून केली तरच ती लागू पडतात.

प्रथम आपले पीक थंडीला कसे सामोरे जाते ते ओळखावे. गहू, पालक यांसारखी पिके काही दिवस सलग गारवा मिळाला की पेशींच्या पटलांतील (पातळ आवरणांतील) असंपृक्त मेदाम्लांचे, म्हणजे थंडीत सहज न थिजणाऱ्या स्निग्ध घटकांचे, प्रमाण वाढवतात; थंडीत तूप थिजते पण करडईचे तेल वाहते राहते, तशी ही पटले लवचिक राहतात. त्याच सुमारास पिष्टाचे (स्टार्चचे) विघटन होऊन पेशींत शर्करा साठते आणि प्रोलीन हे अमिनो आम्लही वाढते. शर्करेमुळे पेशीरसाचा गोठणबिंदू थोडा खाली जातो, मात्र तिचे मोठे काम वेगळेच आहे: बर्फ सहसा आधी पेशींच्या बाहेर तयार होतो आणि आतले पाणी ओढून घेतो, तेव्हा ही शर्करा उरलेले पाणी धरून ठेवते आणि पटले व प्रथिने सांभाळते. हिवाळी पालक चवीला गोड लागतो तो यामुळेच. टोमॅटो आणि मिरची यांना ही तयारी फारशी साधत नाही. बर्फ तयार न होताही, तापमान बराच वेळ 10 अंशांखाली राहिले, तरी त्यांना इजा होते.

द्राक्षवेलीची अडचण निराळी आहे. थंड देशांत सुप्तावस्थेतील वेल शून्याखालचे तापमान सोसते; नाशिकची वेल ऑक्टोबर छाटणीनंतर याच दिवसांत पाने आणि घड घेऊन उभी असते, त्यामुळे तिचे संरक्षण मर्यादित राहते.

म्हणून थंडीपूर्वीच नत्राचा (नायट्रोजन खताचा) हात आखडता घ्यावा, कारण जास्त नत्राने फुटणारी कोवळी वाढ शर्करा खर्च करते आणि स्वतः सर्वांत आधी गारठते. माती व पानांच्या देठांच्या परीक्षणात पालाश (पोटॅश) कमी आढळल्यास ते ठिबकमधून द्यावे. पानांतील शर्करा घडांपर्यंत पोहोचण्यासाठी त्याची गरज असते. निरोगी पाने मात्र काढू नयेत, शर्करा तिथेच तयार होते.

थंडीच्या लाटेत जमीन कोरडी ठेवू नये. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि पहाटे ती हळूहळू सोडते. गार मुळांची पाणी शोषण्याची क्षमताही घटते, त्यामुळे विहिरीचे तुलनेने उबदार पाणी पहाटे थोडा वेळ ठिबकने सोडावे. एकदम भरपूर पाणी देणे टाळावे, कारण त्याने मण्यांना तडे जाण्याचा धोका वाढतो. शेकोट्या करायच्याच असतील, तर एका मोठ्या जाळाऐवजी बागेत अनेक ठिकाणी लहान कराव्यात; धूर जमिनीची उष्णता फारशी अडवत नाही, ऊब मिळते ती जाळाची.

परसबागेतील रोपे रात्री गोणपाटाने झाकावीत आणि ऊन आल्यावर उघडावीत.

थंडीने पाने करपली, तरी लगेच कात्री लावू नये. इजेची खरी व्याप्ती काही दिवसांनीच दिसते, आणि अर्धवट हिरवे पानसुद्धा तोपर्यंत वेलीसाठी अन्न तयार करत असते.