ब्रेकचं पेडल मऊ पडलं? ऑईलचा डबा नंतर उघडा

इंदूरहून ओंकारेश्वरला जाणारी गाडी सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरते. खाली पोचेपर्यंत पेडल पिचपिचीत झालं आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा जागेवर आलं, तर मास्टर सिलिंडरवर (पेडलचा दाब ऑईलला देणारा मुख्य पंप) संशय घेऊ नका. ब्रेक तापून ऑईलमध्ये मुरलेलं पाणी उकळून वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, ऑईल जवळजवळ नाही. म्हणून गॅरेजात नव्याने लागलेल्यांनी पेडल मऊ कधी पडतं हे गिऱ्हाइकाला आधी विचारावं, पाना मग उचलावा.

इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, म्हणजे बूस्टरचा (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपेल. मग एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट धरा. स्पंजासारखं लागलं आणि पंप केल्यावर वर आलं, तर लाइनमध्ये हवा. धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकतंय, पण चाकं, जोड, बूस्टरचं तोंड सगळं कोरडं आहे, तर मास्टर सिलिंडरचे कप (आतली रबरी सील) गेलेत. पहिल्या दाबात खोल आणि दुसऱ्यात लगेच वर, कडक: बहुधा मागच्या ड्रमचे लायनर (घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब राहिलेत, ॲडजस्ट करा. यात कितीही ऑईल बदललं तरी फरक पडणार नाही. पाय दाबून ठेवून इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं, तो दोष नव्हे. बूस्टर काम करतोय. नवी पोरं इथेच फसतात.

पत्ता लागेना तर चारही रबरी होज गोल जबड्याच्या क्लॅम्पने दाबा, पकडीने नाही. पेडल वर आणि कडक आलं तर मास्टर ठीक. मग एकेक क्लॅम्प सोडा. ज्या चाकाला पेडल खचेल, दोष तिथे. जुना होज दाबाखाली फुगतो, तो हातालाच कळतो.

आता ऑईलचा प्रकार. डब्यावर डॉट म्हणून दर्जाचा नंबर असतो. डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलचे, एकमेकांत चालतात. कोऱ्या ऑईलचा किमान उत्कलनबिंदू अनुक्रमे २०५, २३० आणि २६० अंश सेल्सिअस, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की १४०, १५५ आणि १८०. तीनवरून चारवर खुशाल जा, चारवरून तीनवर उतरू नका. मात्र वरच्या नंबरने मऊ पेडल कडक होत नाही, ऑईल फक्त उशिरा उकळतं. डॉट ५ हे ५.१ चं भावंड नाही. ते सिलिकॉनचं, बहुधा जांभळं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसला (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालत नाही. ब्रेक ऑईलच्या टाकीत चुकून इंजिन ऑईल पडलं तर झाकणातलं रबर फुगून बसेनासं होतं. तसं दिसलं की लाइनमधली सगळी रबरं बदलायची, नुसतं धुऊन भागत नाही.

बदलताना लिटरभर सीलबंद ऑईल घ्या. पावसाळाभर उघडा राहिलेला डबा नको. टाकीतलं जुनं सिरिंजने ओढा, नवं मॅक्सपर्यंत भरा. मास्टर उजवीकडे असल्याने सहसा मागचं डावं चाक पहिलं, पण तिरप्या लाइनच्या गाड्यांत (एक पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) मॅन्युअलमधलाच क्रम पाळा. चाकामागच्या निपलला (हवा काढायचा स्क्रू) रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा. गाडीत बसून पेडल दाबणारा म्हणतो "दाबलं", तुम्ही निपल पाव फेरा उघडायचा, बंद करायचा, आणि मगच "सोड". बंद होण्याआधी पाय सुटला की हवा परत आत. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी पेडल तळाला टेकलं की कप न वापरलेल्या, गंजलेल्या भागात जाऊन फाटतात आणि ब्लीडिंगसाठी (लाइनमधली हवा काढायला) आलेली गाडी नवा मास्टर बसवून जाते. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा गेली तर स्कॅनरने पंप फिरवावा लागतो, पायाने ती सहसा निघत नाही.

गाडीच्या रंगावर ऑईलचा थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. निपलवर टोप्या चढवा, इंजिन चालू करून पेडल जोरात दाबा, चारही चाकांमागे कोरडं कापड फिरवून बघा.