गाडी एकाची, फोन दुसऱ्याचा, खातं तिसऱ्याचं: जुनी कार ऑनलाइन घेताना या चुका टाळा

दिवाळीच्या थोडं आधी मावसभावाबरोबर पिंपरीला एक वॅगन आर बघायला गेलो होतो. २०१७ चं मॉडेल, पांढरी, फोटो झकास आणि किंमत दोन लाख दहा हजार. तशा गाडीला तीनच्या वर मोजावे लागत होते. जाहिरातवाला फोनवर अगदी गोड. "गाडी मेहुण्याकडे उभी आहे, मी नाशिकला असतो. तो दाखवेल, चालवून बघा. फक्त पैशाचं त्याच्याशी बोलू नका दादा. आमच्यात जरा घरगुती आहे, आकडा कळला की हिस्सा मागेल."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मेहुणे चावी घेऊन खाली आले. पन्नाशीचे गृहस्थ, पायात घरातल्या चपला, हातात प्लास्टिकची फाइल. त्यात आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), विमा, सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या. गाडी खरंच चांगली होती. भावाने चक्कर मारली, बॉनेट उघडून बघितलं, पसंत पडली. तेवढ्यात नाशिकचा फोन. "आवडली ना? मग पन्नास हजार आत्ता टाका, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." भाऊ यूपीआय उघडून उभा. मी आपलं सहज म्हणून मेहुण्यांना विचारलं, "आरसीवर नाव कुणाचं आहे?"

"माझंच की. पहिल्यापासून."

"मग नाशिकचे ते तुमचे कोण?"

"मीच विचारणार होतो. तुम्ही त्यांचे ड्रायव्हर ना?"

झालं असं होतं. गृहस्थांनी गाडीची खरी जाहिरात टाकली होती, सव्वातीन लाखांची. चोराने तेच फोटो उचलून स्वतःच्या नंबरने लाखाने स्वस्त जाहिरात टाकली. मग गृहस्थांना गिऱ्हाईक म्हणून फोन केला: "गाडी घेतो, माझा ड्रायव्हर बघायला येतोय. त्याच्या थकलेल्या पगारात ती त्याला देणार आहे, म्हणून किंमत त्याच्यासमोर काढू नका." आम्हाला वेगळी गोष्ट, त्यांना वेगळी. गाडी खरी, कागद खरे, मालकही खरा, खोटा फक्त पैसे मागणारा. दोन सरळ माणसं समोरासमोर उभी, आणि दोघांनाही तोंड उघडू नका असं बजावलेलं. विचारलं नसतं तर भावाचे पन्नास हजार गेले असते आणि तो गाडीसाठी त्या बिचाऱ्यांशीच भांडत बसला असता.

पहिली चूक तीच: गाडी दाखवणाऱ्याशी पैशाचं न बोलणं. "त्याच्याशी किमतीचं बोलू नका" हे वाक्य कानावर आलं की गाडीजवळ उभं राहूनच, सगळ्यांदेखत आकडा मोठ्याने बोला. खरा व्यवहार असेल तर काही बिघडत नाही.

आता माझा साधा नियम असा. आरसीवरचं नाव, समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे जाणार त्या खात्यावरचं नाव, तिन्ही एक असेल तरच पैसे हलवायचे. यूपीआयवर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचा. आपण रक्कम तीनदा तपासतो आणि नावाकडे बघतही नाही. "हे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे", "बायकोच्या नंबरवर टाका", "माझी लिमिट संपली" असं आलं की थांबा. "गाडी वडिलांच्या नावावर होती, ते वारले" हे कारण खरं असू शकतं. पण मग गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर होते आणि त्यानंतरच तुम्हाला विकली जाते. मधली पायरी गाळून मयत माणसाची सही मारलेले फॉर्म देणाराही भेटतो. त्या सहीवर गाडी घेतली तर तुम्हीही त्या खोटेपणात अडकलात.

गाडी न बघता टोकन देणं ही सगळ्यात जुनी चूक, अन् अजून रोज होते. सोंग ठरलेलं आहे. लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली, गाडी विमानतळाच्या किंवा युनिटच्या पार्किंगमध्ये उभी आहे, म्हणून स्वस्तात देतो. वर्दीतला फोटो येतो, ओळखपत्र येतं, कँटीन कार्ड येतं. कार्ड बऱ्याचदा खऱ्या जवानाचंच असतं, कुठून तरी चोरलेलं. मग "आर्मी ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवतो, फक्त गेट पासचे ३,१५० भरा, गाडी मिळाली की परत." ते भरले की जीएसटी, मग इन्शुरन्स, मग "गाडी टोल नाक्यावर अडकलीय". आकडे मुद्दाम वाकडे असतात, ३,१५० किंवा ८,७४९, म्हणजे सरकारी पावती वाटते. सैन्याची वाहतूक तुमच्या दारात जुनी स्विफ्ट आणून सोडत नाही. एवढं लक्षात असलं की पुढची सगळी कहाणी गळून पडते.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे "बँकेने ओढलेल्या गाड्या". सीझिंगच्या गाड्या म्हणून फेसबुकवर पानंच्या पानं असतात, क्रेटा चार लाखात, बोलेरो अडीचला. हप्ते थकले म्हणून ओढलेल्या गाड्या बँका विकतात हे खरं, पण जाहीर लिलावात. त्यात अनामत बँकेच्या खात्यात भरायची असते आणि गाडी यार्डात जाऊन बघता येते. कुणा साहेबाच्या मोबाइल नंबरवर "बुकिंग" होत नाही.

फोटो आणि आरसी "या फाइलमध्ये बघा" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं आणि नावाच्या शेवटी एपीके असलं, तर ते उघडू नका. तो फोटो नसतो, फोनवर ताबा घेणारं अ‍ॅप असतं.

आता कागदांकडे. लोक परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकतात, हिरवं दिसलं की निर्धास्त होतात. नंबर टाकणं बरोबरच आहे. नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्ज आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, एवढं तिथं दिसतं. मालकाचं नाव मात्र मधली अक्षरं झाकून येतं, तेव्हा उरलेली अक्षरं समोरच्याच्या नावाशी जुळवून बघा. ई-चलनं वेगळी तपासा. आणि एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, वाहन समन्वय पोर्टलवर गाडी चोरीची नोंदलेली आहे का तेही बघता येतं. ही सोय फार कमी जणांना माहीत आहे.

पण हे सगळं नंबर प्लेटबद्दल झालं, समोर उभ्या असलेल्या पत्र्याबद्दल नाही. अपघातात टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, झालेल्या गाडीचे जिवंत कागद घेऊन त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर ती ओळख चढवणं हा जुना धंदा आहे. ऑनलाइन तपासलं तर सगळं चोख दिसतं. इथं उपयोगी पडतो तो चेसिस नंबर. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. मारुतीचा बहुधा एमए३ ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएल ने, टाटाचा एमएटी ने. कुठं ठोकलेला असतो ते मॉडेलनुसार बदलतं, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली. एजंट लोक घेतात तशी प्रिंट तुम्हीही घ्या. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, अगदी तसंच. कागदावर सतरा खुणा सरळ ओळीत आणि सारख्या खोलीच्या उमटायला हव्यात. एखादा आकडा खाली घसरलेला असेल, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील, किंवा तेवढ्याच चौकोनात ताजा रंग असेल, तर "गॅरेजवाल्याने पत्रा बदलला" हे उत्तर ऐकून घ्या आणि घरी जा.

किल्ल्या दोन्ही मागा. दुसरी हरवली म्हणत असेल तर ती कुणाच्या तरी खिशात आहे असं धरून चाला.

कर्जाचा बोजा असलेली गाडी घेऊ नये असं नाही, पण "बँकेचं क्लिअर आहे, एनओसी दोन दिवसांत येते" या भरवशावर पूर्ण पैसे देऊ नका. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय आरसीवरून एचपी, म्हणजे कर्जाच्या बोजाची नोंद, उतरत नाही. कर्ज अजून बाकी असेल तर विक्रेत्याबरोबर शाखेत जा आणि तेवढी रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. दिल्लीपासिंगच्या गाड्या स्वस्त असतात त्याचं कारण तिथं दहा वर्षांपुढचं डिझेल आणि पंधरा वर्षांपुढचं पेट्रोल यांवर आलेली बंधनं. अशी गाडी घ्यायची तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी, शिवाय महाराष्ट्रातला टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो हिशोब केला की "स्वस्त" किती उरतं ते बघा.

मीटर मागे करणं तर इतकं सर्रास आहे की मी किलोमीटरचा आकडा वाचतच नाही. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलं की जुन्या जॉबकार्डांवर दर वेळचं रनिंग मिळतं, पण त्यासाठी मालक बरोबर हवा. नसेल तर ब्रेक पॅडलचं रबर बघा. पस्तीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही. टायरवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. २०२१ च्या गाडीला २०२४ चे चारही टायर असतील तर "कमी चाललीय" म्हणणाऱ्याला टायर का बदलले ते विचारा.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचं दुखणं आपल्याकडे जास्त. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येते. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळीच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळही खोटं बोलत नाही. डॅशबोर्डवर नवाकोरा सुगंधी डबा दिसला तर काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा.

पैसे गेलेच तर "उद्या बघू, अजून फोन उचलतोय" असं म्हणत बसू नका. ही चूक सगळ्यात महागात पडते. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. पिन तुम्हीच टाकलेला असतो, त्यामुळे बँक तो व्यवहार उलटा फिरवत नाही. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात, आणि चोर ते तासाभरात चार खात्यांत फिरवतो. चॅट पुसू नका. व्यवहाराचा क्रमांक, नंबर, जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा. त्यानंतर कुणी "तुमचे पैसे सोडवून देतो, फी भरा" म्हणाला तर तोही त्याच गावचा.

विकणाऱ्यांना वाटतं, आपल्याला कोण फसवणार? त्यांच्या चुका जास्त वर्षं छळतात. क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, टोकन जमा होईल" म्हणणारा भेटतोच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे आल्याचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट बघून चावी देऊ नका, बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघा.

त्याहून मोठी गफलत म्हणजे टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देणं. एजंट म्हणतो, "गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकतो." तोवर गाडी तीन हातांतून फिरते आणि नाव तुमचंच राहतं. अशाच फिरलेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर टाकली. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. विमाही घेणाऱ्याने चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा. नाही केला तर थर्ड पार्टीचा भाग चालतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. गाडी डीलरकडे "पार्क अँड सेल"ला, म्हणजे त्याच्याकडे उभी करून त्याच्यामार्फत विकायला, लावायची असेल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे तो अधिकृत आहे का विचारा आणि फॉर्म २९सी ने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं कळवा. बरेच डीलर हा विषय निघाला की चहा मागवतात.

आणि डिलिव्हरीची पावती. तारीख सगळेच लिहितात, वेळ कुणी लिहीत नाही. माझी जुनी आय-टेन दिली तेव्हा मी पावतीवर "सायं. ५.१०, मीटर ७१,४८२" असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. घेणारा मुलगा हसला होता. आठवड्याने माझ्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचं चलन आलं, त्याच दिवशीचं, ६.४० चं. पावतीचा फोटो पाठवला, त्याने दंड भरला. आता तो कुणाची गाडी ठरत असली की मला फोन करतो, पावती कशी लिहायची म्हणून.