उन्हाने आलेले खरखरीत चट्टे: उपचार निवडताना या चुका टाळा

टक्कल, कपाळ, कानाची पाळी किंवा हाताच्या पंजाची मागची बाजू. उन्हात राबलेल्या अशा जागी डोळ्यांना नीट दिसण्याआधीच बोटाला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागणारा चट्टा बऱ्याचदा ॲक्टिनिक केराटोसिस असतो. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांत तो पावलोपावली दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर क्वचित. पण ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नाही, किंवा किडनी बदलल्यामुळे जे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी 'आपल्याला कुठलं होतंय' म्हणून सोडून देऊ नये. बहुतेक चट्टे निरुपद्रवी राहतात, थोडे कॅन्सरकडे वळतात. कुठला वळेल ते आधी कळत नाही.

'किती दिवसांत होईल?' एवढंच विचारणं

सगळा घोळ इथेच होतो. विचारायला हवं ते हे, की वर्षभराने काय उरेल?

नेदरलँड्समध्ये 624 रुग्णांवर चार उपचारांची थेट तुलना झाली, 2019 साली ती प्रसिद्ध झाली. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर पाच किंवा जास्त चट्टे असलेली ही माणसं. वर्षानंतरही उपचार टिकून असण्याचं प्रमाण 5-फ्लुरोयुरॅसिल मलमाचं सुमारे 75 टक्के, इमिक्विमॉड मलमाचं 54, औषध लावून प्रकाश टाकण्याच्या फोटोडायनॅमिक उपचाराचं 38 आणि इंजेनॉल जेलचं 29. गंमत म्हणजे सगळ्यांत सोयीचं इंजेनॉलच होतं, तीन दिवसांत काम संपायचं. त्वचेच्या कॅन्सरचाच धोका वाढत असल्याच्या शंकेवरून 2020 मध्ये ते युरोपच्या बाजारातून गेलं.

नंतर पाच दिवसांचं तिर्बानिब्युलिन मलम आलं. चट्टे पूर्ण गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना वर्षभरात पुन्हा चट्टे आले. म्हणून ते वाईट ठरत नाही. फक्त 'पाच दिवसांत मोकळे' ही अर्धीच गोष्ट आहे.

ऐन रंगात आलेलं मलम बंद करणं

5-फ्लुरोयुरॅसिल साधारण दोन ते चार आठवडे, बहुधा दिवसातून दोनदा लावतात. पहिले काही दिवस काहीच होत नाही आणि माणूस जास्त थापायला लागतो. मग लाली, आग, ओल, खपल्या. आरशात चेहरा सोलवटलेला दिसतो, शिवाय जिथे चट्टा आहे हे माहीतही नव्हतं तिथेही लाल ठिपके उठतात. लोक 'ॲलर्जी आली' म्हणून ट्यूब फेकतात. खरं तर ते छुपे चट्टे मलमाने हुडकून काढलेले असतात. मात्र डोळा सुजला, पू झाला, ताप आला किंवा सोसवेना, तर थांबून डॉक्टरांना दाखवायचंच. घरात लग्नकार्य असेल तर सुरुवातच नंतर करा. गरोदरपणात हे मलम वर्ज्य.

पसरलेल्या जागेवर एकेक ठिपका गोठवत बसणं

एखाददुसऱ्या चट्ट्याला द्रव नायट्रोजन उत्तम: एका भेटीत काम, फार तर फोड येतो. पण सगळं टक्कलच उन्हाने खराब झालेलं असेल, तर आज चार गोठवा, पुढच्या वेळी शेजारी नवे चार. शिवाय गोठवलेल्या जागी पांढरा डाग राहू शकतो, आणि तो सावळ्या कातडीवर जास्त उठून दिसतो.

कंबरदुखीची डायक्लोफेनॅक जेल चट्ट्यावर चोळणं हाही एक उद्योग. यासाठीची जेल 3 टक्क्यांची, वेगळ्या बेसमधली असते आणि दोन-तीन महिने लावावी लागते.

चट्टा जाड झाला, दाबल्यावर दुखतो, रक्त येतं किंवा भराभर वाढतो, तर कुठलंही मलम आपल्या मनाने लावू नका. आधी डॉक्टरांकडून चट्ट्याचा तुकडा काढून तपासून घ्यायचा. वरून बरं दिसलं आणि खाली कॅन्सर वाढत राहिला, तर महत्त्वाचे महिने हातचे जातात.

घरात कुत्रं-मांजर असेल तर 5-फ्लुरोयुरॅसिलची ट्यूब कपाटात कडी लावून ठेवा आणि मलम लावलेली जागा त्यांना चाटू देऊ नका. थोडंसं पोटात गेलं तरी ती दगावू शकतात.