टेक्ससमध्ये ग्रुपने धनुष्यबाणाची शिकार: अर्जापासून वाटे घालण्यापर्यंत

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चितळ-सांबराच्या शिकारीचा प्रश्नच उरला नाही, आणि ते योग्यच झालं. टेक्ससची स्थिती वेगळी आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं सुमारे ५० लाख आहेत. संख्या वाढली की ती रानातली कोवळी झाडं उगवूच देत नाहीत, म्हणून राज्याचा पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागच सोडत काढून शिकाऱ्यांना बोलावतो. त्या दिवसांत पेडर्नालेस फॉल्ससारखी पार्कं फिरायला येणाऱ्यांसाठी बंद ठेवतात.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज १ जुलैपासून ऑनलाइन भरता येतात. धनुष्यबाणाच्या गटाची मुदत साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते. बहुतेक ठिकाणी चौघांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो. नंबर लागला तर सगळ्यांचा, नाही तर कोणाचाच नाही. तेव्हा आयत्या वेळी "ऑफिसात रिलीज आहे रे" म्हणणारा मित्र आधीच वगळा. नंबर नाही लागला तर एक पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी शक्यता थोडी वाढते.

प्रत्येकाकडे स्वतःचं हंटिंग लायसन्स आणि त्यावर आर्चरीची वेगळी नोंद हवी. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनाच. व्हिसावर असलेल्यांचा नेहमीचा प्रश्न: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात धनुष्य हे बंदुकीसारखं अग्निशस्त्र धरत नाहीत, त्यामुळे बंदुकीची बंधनं त्याला लागत नाहीत.

सराव

कंपाऊंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, घ्या, पण दुकानात बसून आपल्या हाताच्या लांबीला जुळवून घ्या. भावाचा उसना आणू नका. बाणाचं पातं, म्हणजे ब्रॉडहेड, किमान ७/८ इंच रुंद आणि दोन धारांचं असावं असा नियम आहे. उन्हाळाभर सराव करा आणि शेवटचे काही आठवडे त्याच पात्यांनी करा, कारण सरावाच्या टोकाचा बाण आणि पात्याचा बाण एकाच जागी लागतीलच असं नाही. जिथून दहापैकी नऊ बाण छोट्या ताटलीएवढ्या गोलात बसतात, तो तुमचा पल्ला. नवख्याचा तो २० यार्डांच्या आसपास असतो. तेवढाच धरा.

जागा आणि वारा

पहिल्या दिवशी ओरिएंटेशन असतं आणि ते चुकवून चालत नाही. नकाशा, हद्द, कोणतं हरीण मारायचं, नर की मादी, हे सगळं तिथे सांगतात. जागा वाटून घेताना वारा बघा. हरणाचं नाक तुमच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी तेज. वारा तुमच्याकडून त्याच्या वाटेकडे वाहत असेल तर दिवसभर बसून हाती काही लागणार नाही.

झाडावरच्या स्टँडवर, म्हणजे मचाणावर, बसणार असाल तर अंगभर हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) घाला, आणि जमिनीवरून पाय उचलण्याआधी तो झाडाला बांधलेल्या दोरीला अडकवा. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं. या शिकारीत हरणापेक्षा पडण्याचा धोका मोठा. कोण कुठे बसलाय हे चौघांनाही माहीत हवं, आणि ठरलेल्या वेळेआधी कोणी जागा सोडायची नाही.

बाण सुटल्यावर

ग्रुप खरा कामाला येतो तो इथे. शिकार वेळेत, म्हणजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, करायची. हरीण पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच, पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसांवर बाण सोडा. समोरून नको. बाणाने हरीण मरतं ते रक्तस्रावाने, त्यामुळे ते पळणारच.

लगेच मागे धावू नका. हरीण कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडाशी दिसेनासं झालं ते लक्षात ठेवा, इतरांना मेसेज करा आणि अर्धा तास बसून राहा. मग खाली उतरून बाण शोधा. गुलाबी, फेसाळ, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असणार. काळपट लाल रक्त म्हणजे यकृत, तीन-चार तास थांबा. बाणावर हिरवट चिकटा आणि आतड्याचा घाण वास असेल तर सात-आठ तासांशिवाय हलू नका. उठवलेलं हरीण कुठच्या कुठे जातं.

माग काढताना एक जण शेवटच्या रक्ताच्या ठिपक्यावर उभा राहतो, जागचा हलत नाही. दुसरा पुढे शोधतो, तिसरा बाजूने, तेही रक्ताच्या वाटेवर पाय न ठेवता. प्रत्येक ठिपक्याशी टिश्यूचा तुकडा लावा. वीसेक तुकडे लागले की मागे वळून बघा, हरीण कुठल्या दिशेला वळलं ते स्पष्ट दिसतं. पानाच्या वरच्या बाजूलाच बघू नका. गवताच्या काडीला हरणाच्या पोटाच्या उंचीवर पुसलेलं रक्त हमखास नजरेतून सुटतं. हद्दीपलीकडे माग गेला तर तिथेच थांबून कर्मचाऱ्यांना सांगा.

सापडल्याबरोबर टॅग भरून हरणाला लावा. फोटो नंतर.

मांस

ऑक्टोबरातही टेक्ससमध्ये ऊन तापतं, म्हणून आतडी वगैरे काढून हरणाचं पोट तिथेच रिकामं करा. सुरीची धार वरच्या बाजूला धरून कातडं उघडा, म्हणजे आतडं फुटत नाही. चेक स्टेशनवर वजन होतं, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाच्या तपासणीसाठी नमुनाही घेऊ शकतात. मग बर्फाच्या पेटीत, आणि वितळलेलं पाणी काढत राहायचं.

वाट्यांचं मात्र अर्ज भरतानाच ठरवा: ज्याचा बाण त्याचं हरीण, की चौघांत समान? समान बरं. माग काढणाऱ्यांचे गुडघेही तितकेच सोललेले असतात. आणि फ्रीजरमध्ये जागाच नसेल तर हंटर्स फॉर द हंग्री या योजनेत सहभागी असलेल्या खाटकाकडे हरीण देता येतं, ते मांस गरजूंना वाटलं जातं.