फिनलंडमध्ये मुलाला शाळेत घालताना: घराजवळची शाळा आणि तिथे मिळणारी मदत

हेलसिंकीजवळच्या एस्पो शहरात नव्याने आलेली मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "ताई, इथली चांगली शाळा कोणती?" माझं उत्तर ठरलेलं आहे: तुमच्या घराजवळची. हे मी समजूत घालायला सांगत नाही. माझी दोन्ही मुलं तशाच शाळेत शिकली. थोरला पुण्याहून तिसरीत आला, धाकटीची पहिली इथेच झाली.

पेरुसकोउलु म्हणजे पहिली ते नववीची सामायिक शाळा. डॉक्टरांचं मूल आणि बसचालकाचं मूल एकाच वर्गात बसतं. 1970 च्या दशकात, उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात करत, ही पद्धत देशभर लागू झाली. शिकवणं, पुस्तकं, वह्या, दुपारचं गरम जेवण, सगळं मोफत. देणगी नाही, पालकांची मुलाखत नाही. त्यामुळे शाळा निवडण्यात जी ताकद घालवाल, ती आपल्या मुलाला काय लागतं हे शाळेला नीट सांगण्यात घाला. इथे मदत भरपूर आहे, पण गरज कळल्याशिवाय ती सुरू होत नाही.

आधी वयाचं बघा. ज्या वर्षी मूल सात वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिली सुरू होते. त्याआधीचं एक वर्ष एसिओपेतुसचं, म्हणजे पूर्वप्राथमिकचं, आणि तेही सक्तीचं. सक्तीचं शिक्षण अठराव्या वर्षापर्यंत चालतं. आपल्याकडे साडेपाच-सहाला पहिलीत गेलेलं मूल इथे आलं की पालकांना वाटतं, वर्ष वाया गेलं. साधारणपणे वयानुसार वर्ग मिळतो, तो स्वीकारा. नवी भाषा शिकणाऱ्या मुलाला बरोबरीच्या वयाची सोबत फार लागते.

पहिलीसाठीची नावनोंदणी आमच्याकडे जानेवारीच्या सुमारास होते. पत्ता नोंदवलेला असेल तर नगरपालिकेकडून सूचना येते, आणि तुमची लाहिकोउलु, म्हणजे जवळची ठरलेली शाळा, कळते. नोंदणी विल्मा या शाळा आणि पालकांच्या ऑनलाइन प्रणालीत करायची असेल तर बँकेच्या ऑनलाइन लॉगिनने आत शिरावं लागतं. नव्याने आलेल्यांकडे बँकखातं नसतं. त्यासाठी थांबू नका, शहराच्या शिक्षण विभागाला फोन करून कागदी अर्ज मागा. वर्षाच्या मध्येच आलात तरी हाच मार्ग. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांचे फोन, घरात बोलली जाणारी भाषा आणि आधीचं शिक्षण एवढं तयार ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला हरवला म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर जरूर दाखवा, शिक्षकांना अंदाज येतो.

दुसऱ्या शाळेसाठी अर्ज करता येतो, पण तिथे जागा उरली तरच. इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळांत जागा मोजक्या आणि बहुतेक ठिकाणी भाषेची चाचणी. एक-दोन वर्षांत परत जायचं असेल तर ती वाट जरूर बघा. राहायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फिनिश शाळा. मूल शेजारच्या मुलांबरोबर चालत शाळेत जातं, संध्याकाळी त्यांच्याचबरोबर खेळतं, आणि भाषा अंगणातच अर्धी शिकून होते.

आता भाषेच्या नोंदीबद्दल, कारण इथे बरेच जण घाई करतात. लोकसंख्या नोंदणीच्या कार्यालयात मुलाची मातृभाषा एकच लिहिता येते. तिथे मराठी लिहा. हिंदी नको, आणि "इंग्रजी लिहिलं की सोपं जाईल" हेही नको. मुलाला फिनिश दुसरी भाषा म्हणून शिकवायची की फिनिश घरातल्या मुलासारखी, हे ठरवताना घरची भाषा बघितली जाते. पुढे मातृभाषेच्या वर्गासाठीही ही नोंद कामाला येते.

फिनिश अजिबात न येणाऱ्या मुलासाठी वाल्मिस्तावा असते, म्हणजे तयारीचा वर्ग. साधारण एका शालेय वर्षाचा अभ्यास: सहा ते दहा वर्षांच्या मुलांना 900 तास, त्याहून मोठ्यांना 1000. मुलाची स्वतंत्र शिक्षणयोजना बनते. माझा थोरला भाषा आणि गणित छोट्या गटात शिकायचा आणि चित्रकला, व्यायाम, हस्तकलेला आपल्या वयाच्या वर्गात जायचा. लाकूडकामाच्या तासाला बोलावं कमी लागतं, हात चालवावे लागतात, आणि पहिला मित्र त्याला तिथेच मिळाला. हा वर्ग म्हणजे "मागे पडलेल्यांचा वर्ग" हा समज मनातून काढून टाका. मूल तयार झालं की त्याला वर्ष पुरं होण्याआधीही नेहमीच्या वर्गात पाठवतात.

त्यानंतरही भाषेची मदत थांबत नाही. फिनिश दुसरी भाषा म्हणून शिकण्याचा वेगळा अभ्यासक्रम असतो. त्याला आपली मंडळी एस-टू म्हणतात. "आमचा मुलगा हुशार आहे, त्याला साध्या फिनिशलाच बसवा" असा हट्ट धरू नका. बोलता येणं आणि इतिहासाचं पुस्तक समजणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर भरून काढायलाच हा अभ्यासक्रम आहे.

शिकण्यातल्या अडचणींचंही तसंच. माझ्या लेकीला दुसरीत वाचताना अक्षरं जुळवायला फार वेळ लागायचा. मी वर्गशिक्षिकेला विल्मावर चार ओळी लिहिल्या, आणि विशेष शिक्षिकेने तिला छोट्या गटात घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं नाही. ऑगस्ट 2025 पासून मदतीची पद्धत बदलली आहे. जादा शिकवणी, शिक्षणाच्या भाषेसाठी मदत आणि विशेष शिक्षकांचं गटातलं शिकवणं हे कोणत्याही औपचारिक निर्णयाशिवाय मिळू शकतं. एवढ्याने भागलं नाही तर त्या मुलापुरती मदत लेखी निर्णयाने ठरते. त्या निर्णयाआधी पालकांचं म्हणणं ऐकून घेतात आणि तो पटला नाही तर दाद मागता येते.

तोतरेपणा, कमी ऐकू येणं, अतिचंचलपणा, भारतात झालेली एखादी तपासणी, सगळं पहिल्याच भेटीत सांगा. आपल्या लोकांना वाटतं, शिक्का बसेल. लपवलं तर मूल गप्प का बसतं हे शिक्षकांना कळायला महिने जातात, आणि तोवर ते एकटंच झगडत राहतं. हे मी एका ओळखीच्या घरात बघितलंय आणि अजूनही वाईट वाटतं.

शाळेत परिचारिका असते, दरवर्षी तपासणी होते. पहिली, पाचवी आणि आठवीत डॉक्टरांकडून सविस्तर तपासणी होते. मन उदास असेल, मैत्री जमत नसेल, कोणी त्रास देत असेल तर कुरातोरी, म्हणजे शाळेचे सामाजिक कार्यकर्ते, आणि मानसशास्त्रज्ञ असतात. मूल स्वतःहूनही त्यांच्याकडे जाऊ शकतं. मागणी केल्यापासून शाळेच्या सात कामाच्या दिवसांत भेट मिळायला हवी, आणि तातडीचं असेल तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी. हे मुलाला तुमच्या तोंडून कळू द्या. आई-बाबांना चालतं म्हटल्यावर मूल दार ठोठावतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी: पहिली-दुसरीची शाळा बाराच्या, एकच्या सुमाराला सुटते. दुपारच्या देखभालीसाठी वसंतातच वेगळा अर्ज करावा लागतो. ही सेवा मात्र मोफत नाही. कायद्याने महिन्याला जास्तीत जास्त 160 युरो घेता येतात आणि कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत मागता येते. शाळा पाच किलोमीटरपेक्षा लांब असेल किंवा रस्ता मुलासाठी धोक्याचा असेल तर वाहतूक मोफत मिळते.

जेवणाच्या अर्जावर "शाकाहारी" एवढंच लिहून भागत नाही. इथल्या शाकाहारात अंडं येतं. चालत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. धर्माच्या तासाऐवजी जीवनदृष्टी हा विषय घेता येतो, सगळे त्याला ईटी म्हणतात. कपड्यांवर मात्र पैसे खर्च करा. मधली सुट्टी थंडीतही बाहेरच असते, तेव्हा जलरोधक पँट आणि जास्तीचे हातमोजे शाळेत ठेवाच.

डिसेंबरात महिनाभर गावी जायचा बेत असेल तर तिकिटं काढायच्या आधी रजा मागा. थोड्या दिवसांची वर्गशिक्षक देतात, जास्त दिवसांची मुख्याध्यापकांच्या हातात असते. ती मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर त्या काळातला अभ्यास करून घेणं तुमच्यावर.

राहता राहिली मराठी. मुलाच्या मातृभाषेचे आठवड्याला दोन तास नगरपालिका भरवू शकते. सरकारी अनुदान मिळायला गटात किमान चार मुलं लागतात, काही शहरं त्याहून जास्त मागतात. वेगवेगळ्या शाळांतली मुलं मिळून एक गट होतो, म्हणून मराठी पालकांनी आपसांत बोलून एकाच वसंतात अर्ज टाकावेत. शिक्षक मिळेपर्यंत वर्ग सुरू होत नाही. तुमच्यात कोणी शिकवू शकत असेल तर तेही शिक्षण विभागाला कळवा.

पहिल्या पालकभेटीला दुभाष्या हवा असेल तर वेळ ठरवतानाच सांगा, शाळा व्यवस्था करते. मुलाला दुभाष्या करू नका. त्याच्याबद्दलचं बोलणं त्यानेच भाषांतर करायचं, हे त्याच्यावर फार ओझं आहे.